तेविसावं वचन

बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक ज्यांनी कधी उघडलेलं नाही, त्यांनाही त्यातल्या तेराव्या अध्यायाचं चोविसावं वचन ठाऊक असतं. जो छडी आवरतो, तो आपल्या मुलाचा वैरी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनी ते इंग्रजीतून ऐकलेलं असतं. आम्हा मराठी शाळावाल्यांना त्याची गरज पडली नाही, कारण छडी लागे छमछम आमच्याकडे आधीच हजर होतं. शलमोन राजाच्या नावावर चालणाऱ्या या पुस्तकातली जी काही मोजकी वचनं जगभर फिरली, त्यांत हे छडीचं वचन फार पुढे.

त्याच्या अगदी वरच्या ओळीत राहणारं तेविसावं वचन मात्र कुणाला विचारा. पाळकांनाही पान उलटावं लागतं. त्याचा सरळ अर्थ असा: गरिबांनी पडीक मोडून केलेल्या शेतात खायला भरपूर असतं, पण न्याय नसल्यामुळे ते वाहून जातं.

मी ख्रिस्ती नाही. मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे, आणि राहायला शरणपूर रोडच्या मागच्या बाजूला. ओळखीच्या एका पाळकसाहेबांचं काम पेठ-सुरगाण्याकडच्या लहानलहान मंडळ्यांमध्ये चालतं. त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं होतं, महिन्याला एक वचन, आणि सगळी वचनं गरीब आणि न्याय या विषयावरची. "छापील बायबलमधली मराठी आमच्या लोकांना देवळातली वाटते, सर," ते म्हणाले. "घरातली करून द्या." हिब्रू मला येत नाही. शब्दाखाली शब्द लावलेली प्रत, कोश, आणि पाळकसाहेब सेमिनरीत जेवढं शिकले तेवढं, एवढ्या भांडवलावर आम्ही बसलो.

शरणपूर हे नाव नाशिककरांच्या तोंडात इतकं बसलंय की त्यातलं 'शरण' आता ऐकू येत नाही. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं हे गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणून शिकवली जात. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्यांमध्ये तो होता आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा द्यायलाही तो होता. आज त्या रस्त्यावर कपड्यांची दुकानं आणि दवाखाने आहेत. असो. हे सांगण्याचं कारण एवढंच की, ज्याची कुठेच दाद लागत नाही अशा माणसाचा पत्ता आमच्या गल्लीला नवा नाही.

नीतिसूत्रांचं पुस्तक गरिबाशी फार गोड बोलत नाही, हे आधी कबूल करायला हवं. दहाव्या अध्यायात म्हटलंय, सैल हाताने काम करणारा दरिद्री होतो, उद्योग्याचा हात श्रीमंत करतो. सहाव्यात आळशाला मुंगीकडे शिकायला पाठवलंय. विसाव्यात तर नेमकी शेतीच आहे: थंडी पडली म्हणून आळशी नांगरत नाही, मग सुगीत भीक मागतो आणि त्याला काही मिळत नाही. ही वचनं ऐकायला बऱ्या परिस्थितीतल्या माणसाला आवडतात. मलाही आवडतात, आपलं जे काही बरं चाललंय ते आपल्या हातांनी झालं, असं त्यातून परस्पर सिद्ध होतं.

तेविसाव्या वचनात हा हिशेब मोडतो. इथल्या गरिबाने नांगरलंय. तेही सोपी, वाडवडिलांपासून कसलेली जमीन नव्हे. मुळात शब्द आहे 'नीर'. आपलं पाणी नव्हे. पडीक किंवा कोरी जमीन पहिल्यांदा फोडून तयार केलेलं शेत. होशेय आणि यिर्मया हे संदेष्टे 'पडीक मोडा' म्हणतात, तेव्हा हाच शब्द वापरतात. म्हणजे आळस नाही, जमीन वांझ नाही, पीक बुडालेलं नाही. भरपूर पिकलंय. आणि तरी घरात काही नाही. पीक शेतातून निघाल्यावर घरात पोचेपर्यंत जे घडलं, त्याला वचनाने एकच कारण दिलंय: मिश्पात नव्हता. मिश्पात म्हणजे न्याय, निवाडा, हक्क, सगळं एकत्र. ज्या पुस्तकाने आळशाला एवढं झोडपलं, त्याच्याच संपादकाने ही ओळही आत ठेवली आणि दोन्हींचा मेळ घालत बसला नाही. हे मला त्या पुस्तकाचं मोठं प्रामाणिकपण वाटतं.

पुढच्या काळात मात्र या ओळीतल्या गरिबाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. इसवी सनापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतरात, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, तिथे ही ओळच वेगळी आहे: नीतिमान पुष्कळ वर्षं संपत्तीत घालवतील, अनीतिमान लवकर नष्ट होतील. शेत गेलं, पीक गेलं, गरीब गेला. उरलं ते कुठल्याही भिंतीवर खपेल असं सुभाषित. त्यांच्यापुढचा हिब्रू मजकूर वेगळा होता की त्यांना तो लागला नाही, यावर पंडितांनी काथ्याकूट करावा. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर करायला घेतलं. त्याच्या ओळीत शेत परत आलं, पण ते गरिबांचं नाही, वाडवडिलांचं. याला कारण आहे. इथे 'गरीब' हा शब्द ज्या अक्षरांनी लिहिलाय, त्याच अक्षरांनी 'मस्तकं', म्हणजे घराण्याचे प्रमुख, असंही वाचता येतं. स्वरांच्या खुणा हिब्रूत फार उशिरा लागल्या. जेरोमच्या डोळ्याला राशीम म्हणजे थोरले दिसले. एक गोष्ट मात्र त्याच्याकडे आहे जी इतरांकडे नाही: ते अन्न 'दुसऱ्यांसाठी' गोळा होतं, असं तो म्हणतो. गरीब विसरला, पण लुटणारा त्याला दिसला.

1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये गरीब जागेवर आहे. पण शेवटी नाश कशाने होतो, तर 'जजमेंट' नसल्याने. त्या इंग्रजांना न्यायच म्हणायचा असेल. आजचा वाचक मात्र तो शब्द अक्कल, तारतम्य असा घेतो, आणि ओळ सरळ उलटी फिरते: गरिबाला पिकतं भरपूर, पण टिकवायची अक्कल नाही. असं प्रवचन मी स्वतः ऐकलंय, बचतीचं महत्त्व सांगणारं. कुणी वचन बदललं नव्हतं. शब्द होता तिथेच होता, दोष तेवढा न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठून शेतकऱ्याच्या डोक्यात जाऊन बसला.

मराठी केलं की हा धोका टळतो असं नाही. पहिल्याच बैठकीत मी पाळकसाहेबांना म्हटलं होतं, याला भाषांतर कशाला, आपल्याकडे तयार म्हण आहे: आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. ते हसले. मग आम्ही दोघंही जरा थांबलो. या म्हणीत पीठ जातं ते दळणारं आंधळं म्हणून. डोळे असते तर गेलं नसतं. म्हणजे पुन्हा तेच, खोट गरिबातच. हिब्रू वचनातला गरीब डोळस आहे. पीठ कोण खातंय ते त्याला स्वच्छ दिसतंय. कुंपणच शेत खातं, ही दुसरी म्हण जास्त जवळची. तिच्यात राखणदारावर बोट आहे. पण तिच्यात गरीब नाही, कुणाचंही शेत असू शकतं. आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या आमच्या लाडक्या म्हणीने तर न्यायाचा विषयच मिटवून टाकलाय. मराठी म्हणींत न्याय नसण्याबद्दलचं शहाणपण उदंड आहे. न्याय मिळायला हवा होता, असं म्हणणारी म्हण शोधत मी बराच वेळ बसलो होतो.

'नीर' या शब्दासाठी मात्र मला कुठे शोधायला जावं लागलं नाही. पेठ, सुरगाणा, दिंडोरीचा डोंगराळ भाग इथे हा शब्द जमिनीवर पसरलेला आहे. उतारावरचं रान साफ करून, दगड वेचून, राब भाजून केलेली नागली, वरई, भात, खुरासणी. या जमिनी माणसं बापजाद्यांपासून कसतात, आणि कागदावर त्या वनखात्याच्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा म्हटलं की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी अशी जमीन कसतोय, त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क द्यायचा. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. पुरावा म्हणून नुसत्या पावत्याच लागतात असं नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो, असं नियमांतच लिहिलंय. हे वाचताना मला जुन्या करारातली माणसं आठवली. रूथच्या गोष्टीत बवाज शेताचा व्यवहार करायला नगराच्या दारात जातो आणि गावातली दहा वडील माणसं साक्षीला बसवतो. तिथे तेवढ्यावर काम होतं. इथे जबाब फायलीत लागतो, आणि फाईल तीन टेबलांच्या मध्ये कुठेतरी बसते.

6 मार्च 2018 ला सीबीएस चौकातून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून, निघालेला मोर्चा नाशिककरांनी पाहिलाय. किसान सभेचे लाल झेंडे, आणि त्यांत मोठ्या संख्येने होते ते हेच, वनजमिनीवर कसणारे. सुमारे 180 किलोमीटर चालून 12 तारखेच्या पहाटे ते आझाद मैदानात पोचले. दहावीची परीक्षा होती, मुलांची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालले. त्यांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. मला त्या फोटोंपेक्षा मागणीचा कागद महत्त्वाचा वाटतो. त्यात कर्जमाफी होती, हमीभाव होता, पण वनजमिनीपुरतं बोलायचं तर ती माणसं काहीही नवीन मागत नव्हती. बारा वर्षांपूर्वी झालेला कायदा लागू करा, एवढंच. लेखी आश्वासन मिळालं. 2019 ला पुन्हा निघावं लागलं, 2023 ला पुन्हा. बेलो मिश्पात, म्हणजे न्यायाविना, याचा अर्थ कायदा नसणं असा मी आधी घेत होतो. कायदा असून तो गावापर्यंत न उतरणं हाही त्याच दोन शब्दांत बसतो.

कांद्याकडे वळावं की नाही याचा मी विचार केला, कारण नाशिकवर लिहिणारा प्रत्येक जण कांद्याकडे वळतो. पण खायला भरपूर पिकून घरात काही न येणं याला दुसरं उदाहरण शोधणं म्हणजे ढोंग होईल. 2018 च्याच नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये हातात आले. ते त्याने मनिऑर्डर करून पंतप्रधानांना पाठवून दिले. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. ती मे 2024 मध्ये उठली. तोवर ज्याचा माल निघाला त्याचा निघाला. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरपुढे बोली संपायला फार वेळ लागत नाही. हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होतं आणि खाली उरलेला आकडा कुणाशी भांडून बदलत नाही. शरद जोशींनी 1980 साली याच जिल्ह्यातून भावासाठी रस्ते अडवले, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब नाही, त्याला धोरणाने गरीब ठेवलंय. तेविसावं वचन त्यांनी वाचलं होतं की नाही कोण जाणे. वाचायची गरज नव्हती.

तरीही कांदा हे उदाहरण तेवढं सरळ नाही. बंदी घालणारा म्हणतो, शहरात पावशेर कांदा घेणारी बाईही गरीबच आहे. खरं आहे ते. नीतिसूत्रांच्याच अकराव्या अध्यायात, धान्य अडवून ठेवणाऱ्याला लोक शिव्याशाप देतील, असं आहे. तिथे पुस्तक खाणाऱ्याच्या बाजूने बोलतं आणि तेराव्यात पिकवणाऱ्याच्या. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभं करून मधला माणूस बाजूला होतो, ही युक्ती मात्र पुस्तकात कुठे आढळली नाही. ती बहुधा नंतरची.

आता क्रियापद. मुळात 'निस्पे' आहे. वाहून जाणं, पुसलं जाणं, उचललं जाणं. हाच धातू उत्पत्तीच्या पुस्तकात येतो, सदोमाचा नाश होणार म्हणून अब्राहाम देवाशी वाद घालतो तिथे. दुष्टाबरोबर नीतिमानालाही वाहून नेणार का तू? शहरात पन्नास नीतिमान सापडले तर वाचवशील का, इथपासून घासाघीस करत तो दहापर्यंत येतो. आणि मध्येच विचारतो, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश मिश्पात करणार नाही का? आमच्या वचनातले दोन्ही शब्द तिथे एका दमात आलेत. आमच्या ओळीत मात्र विचारणारा अब्राहाम नाही आणि वाहून नेणाराही नाही. क्रियापदाला कर्ता नाही. शिवाय काय वाहून जातं तेही मोघम: अन्न जातं असंही लावता येतं, आणि माणूस जातो असंही. या जिल्ह्यात पीक गेलं की कधीकधी पाठोपाठ माणूस जातो, त्यामुळे मला ते मोघमपण ठेवायचं होतं.

आम्ही केलं ते असं: गरिबाच्या नव्या नांगरटीत खाणं मोप, पण न्यायाविना वाहून जातं. 'मोप' शब्द पाळकसाहेबांचा, मला फार आवडला. पेठेकडच्या एका वस्तीवर रविवारच्या प्रार्थनेनंतर त्यांनी ते वाचून दाखवलं. मी मागे बसलो होतो.

एक आजी लगेच म्हणाल्या, "जातंच की वाहून. मागल्या साली आमचा बांध गेला. पावसाला न्याय काय करंल?"

बरोबर होतं त्यांचं. ज्या तालुक्यात पावसाळ्यात माती उतारावरून डोळ्यांदेखत निघून जाते, तिथे 'वाहून जातं' म्हटल्यावर आभाळाकडेच बघणार. मग चर्चा सुटली. कोण नेतं? एक जण म्हणाला फॉरेस्टवाले. एक म्हणाला व्यापारी, नागली घेतो कवडीमोल आणि शहरात नाचणीचं पीठ म्हणून विकतो. शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने निवांतपणे सांगितलं, "पोरं दारूत घालवतात." सगळे हसले, आजी सोडून. आणि मला 1611 चं इंग्रजी बायबल आठवलं. कसलंही भाषांतर न वाचता हा माणूस त्याच वळणावर पोचला होता. दारू नाही असं कोण म्हणेल? पण हे वचन दारूबद्दल नाही. दारूबद्दलची वचनं त्याच पुस्तकात वेगळी आहेत, भरपूर आहेत, आणि पाळकसाहेबांना ती पाठ आहेत.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलं. ते छापून झालं 1924 साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. टाइप जुळवायलाही त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातल्या बायकाच होत्या. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं अशा बाईने शिकलेल्या वाचकाकडे पाठ करून न शिकलेल्या बाईसाठी लिहावं, याचं मला आधी फक्त कौतुक होतं. त्या वस्तीवरून परत येताना एसटीत लक्षात आलं की त्यात कारागिरीही आहे. साधं लिहिलं की ऐकणारा उलट बोलू शकतो. 'निर्मूलन' किंवा 'अपहार' लिहिलं असतं तर आजी गप्प बसल्या असत्या आणि आम्ही खूश होऊन घरी आलो असतो.

दुसऱ्या वेळी 'न्याय' काढला. न्याय हा मराठीत फार वरचा शब्द झालाय, देवाचा किंवा सुप्रीम कोर्टाचा. त्याच्या जागी आलं ते 'दाद ना फिर्याद'. आणि 'वाहून' काढलं. आता ओळ अशी: गरिबाने पडीक मोडली, खाणं मोप पिकलं, दाद ना फिर्याद, हातचं गेलं. माणूस वाहून जाण्याचा अर्थ यात राहिला नाही, त्याची मला चुटपुट आहे. पण पाऊस गेला, आंधळं गेलं, बेअक्कल गेली. कर्ता मूळ वचनात नाही, तो आम्हीही घातला नाही. पाळकसाहेबांना 'लुटारूंनी नेलं' असं हवं होतं. मी अडून बसलो. नाव घातलं की बाकीचे सगळे सुटतात. फॉरेस्टवाला म्हणेल व्यापारी, व्यापारी म्हणेल सरकार.

बाकीच्या वचनांनी एवढं छळलं नाही. एकाने थोडं. बाविसाव्या अध्यायात आहे, गरीब आहे म्हणून गरिबाला लुबाडू नकोस, आणि दुबळ्याला दारात चिरडू नकोस. हे वचन शलमोनाच्याही आधीचं असावं. आमेनेमोपे नावाच्या इजिप्तच्या लेखकाच्या उपदेशात जवळजवळ हेच आहे. तो पपायरस 1923 साली छापला गेला आणि पुढच्याच वर्षी एर्मान या जर्मन पंडिताने दोन्हींतलं साम्य दाखवून दिलं. दार म्हणजे नगराची वेस, जिथे न्यायनिवाडा चाले. 'कोर्टात' करावं, 'चावडीवर' करावं की 'कचेरीत', यावर आमची बरीच वाटाघाट झाली. शेवटी 'दारात' तसंच ठेवलं. ज्या शहरात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांची माणसं उभी राहिली आणि पुढे वर्षानुवर्षं उभी राहत गेली, तिथे दारात चिरडणं म्हणजे काय हे सांगायला तळटीप लागत नाही.

परवा छापखान्यातून फोन आला. नोव्हेंबरच्या पानावर, म्हणजे सुगीच्या महिन्यात, तेविसावं वचन घेतलंय, आणि ते चौकटीत मावत नाही. मुलगा हुशार होता, त्याने स्वतःच तोडगा काढला होता. "सर, ते दाद ना फिर्याद काढलं तर बरोबर एका ओळीत बसतं. अर्थ तोच राहतो ना? पिकलं आणि हातचं गेलं."

मी विचारलं, वर चित्र कसलं आहे. म्हणाला, मेंढपाळ, मेंढरं, मागे डोंगर.

म्हटलं, डोंगर काप.